चिरंतनवाद आणि शिकागो विद्यापीठ : एका शैक्षणिक तत्त्वज्ञानाची कसोटी (१९२९–१९५३)

शैक्षणिक तत्त्वज्ञानांचे वर्गीकरण करणाऱ्या पाठ्यपुस्तकांतून ‘पेरेनिअ‍ॅलिझम’ या पक्षाची ओळख बहुधा चार-पाच वाक्यांत उरकली जाते. मानवी स्वभाव सर्वत्र व सर्वकाळी एकच आहे. विवेकशक्ती हे त्या स्वभावाचे वैशिष्ट्य होय. सत्य कालानुसार बदलत नाही. म्हणून विवेकाची मशागत करणारे शिक्षणही मुळात एकच असले पाहिजे. आणि काळाच्या कसोटीला उतरलेले थोर ग्रंथ हे त्या शिक्षणाचे सर्वोत्तम साधन होय. थिओडोर ब्रामेल्ड यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रगतिवाद, सारवाद, चिरंतनवाद आणि पुनर्रचनावाद अशी चतुर्विध मांडणी केली. तेव्हापासून हा पक्ष अध्यापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या चांगलाच परिचयाचा झाला.

या मांडणीची सोय मान्य केली तरी तिच्यात एक उणीव राहून जाते. तत्त्वज्ञान तेवढे सांगितले जाते. ते कोणत्या संस्थेत, कोणत्या विरोधाला तोंड देत आणि कोणत्या परिणामासह अमलात आणण्याचा प्रयत्न झाला, हे सांगितले जात नाही. वस्तुतः विसाव्या शतकातील चिरंतनवादाचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका विद्यापीठाच्या बावीस-चोवीस वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला असता असे आढळते की, या वादात दोन निरनिराळ्या प्रतिज्ञा एकत्र गुंफलेल्या होत्या. पहिली सत्याविषयीची : ज्ञानाला अढळ तत्त्वांचा पाया असून त्या तत्त्वांनीच अभ्यासक्रमाची उतरंड ठरली पाहिजे. दुसरी अधिकाराविषयीची : जे शिक्षण श्रेष्ठ मानलेल्या थोड्यांसाठी उत्तम, तेच सर्वांसाठी उत्तम, आणि त्यावर सर्वांचा सारखाच हक्क आहे. शिकागोच्या अनुभवात या दोन प्रतिज्ञांची फारकत झाली. पहिली टिकली नाही, दुसरी टिकली. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

संज्ञेविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. ‘फिलोसोफिया पेरेनिस’ हा लॅटिन शब्दप्रयोग अगोस्तिनो स्तेउको या इटालियन विद्वानाने १५४० साली ग्रंथनाम म्हणून योजला आणि पुढे लायब्नित्स यांच्यामुळे तो सर्वतोमुखी झाला. मराठीत त्यासाठी ‘सनातन’ हा शब्द सहज सुचतो. परंतु त्याला येथील धार्मिक व सामाजिक वादांचा इतिहास चिकटलेला आहे. ‘शाश्वतवाद’ हा शब्द बौद्ध दर्शनाच्या चर्चेत आत्मा व जग नित्य मानणाऱ्या मताला लावला जातो. यास्तव ‘चिरंतनवाद’ हीच संज्ञा येथे वापरली आहे.

१

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील महाविद्यालये ग्रीक, लॅटिन व गणित या ठराविक अभ्यासक्रमावर उभी होती. येल महाविद्यालयाच्या १८२८ च्या प्रसिद्ध अहवालाने या अभ्यासक्रमाचे समर्थन ‘मनाची शिस्त’ या तत्त्वावर केले होते. पुढे चार्ल्स एलियट हे १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ऐच्छिक विषयांची पद्धती तेथे पूर्णपणे रुजली. विद्यार्थ्याने आपल्या आवडीप्रमाणे विषय निवडावेत, कोणताही विषय दुसऱ्याहून स्वभावतः श्रेष्ठ नाही, हे तिचे सूत्र होते. त्याच सुमारास जर्मन विद्यापीठांच्या धर्तीवर संशोधनप्रधान विद्यापीठे स्थापन होऊ लागली. १८७६ साली सुरू झालेले जॉन्स हॉपकिन्स हे त्यांतील अग्रणी होय. १८९२ साली वर्ग सुरू करणारे, रॉकफेलर यांच्या देणगीतून उभे राहिलेले शिकागो विद्यापीठ याच प्रवाहातील होते.

या दोन्ही बदलांनी ज्ञानाच्या कक्षा विस्तारल्या, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांचा एक परिणाम असाही झाला की, एकाच महाविद्यालयातून एकाच वर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या दोन तरुणांनी एकही सामाईक पुस्तक वाचलेले असेल याची शाश्वती राहिली नाही. या उणिवेवर उपाय म्हणून कोलंबिया विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक जॉन अर्स्किन यांनी १९२० साली एक विशेष वर्ग सुरू केला. आठवड्याला एक थोर ग्रंथ वाचावयाचा आणि एका संध्याकाळी दोन अध्यापकांच्या उपस्थितीत त्यावर चर्चा करावयाची, एवढीच त्याची रीत होती. अर्स्किन यांनी त्यामागे कोणतेही तत्त्वमीमांसेचे अधिष्ठान मांडले नव्हते. होमर किंवा प्लेटो यांचे लेखन मुळात विद्वानांसाठी नव्हे, तर सामान्य सुबुद्ध श्रोत्या-वाचकांसाठी होते. तेव्हा ते आजही तसेच वाचता येईल, एवढाच त्यांचा दावा होता. पद्धती आधी आली आणि तत्त्वज्ञान मागाहून आले, हा क्रम पुढील इतिहास समजण्यासाठी महत्त्वाचा आहे.

अर्स्किन यांच्या या वर्गात मॉर्टिमर ॲडलर (१९०२–२००१) नावाचा एक तरुण होता. शारीरिक शिक्षणाची अट पूर्ण न केल्यामुळे त्याला पदवी मिळाली नाही. तथापि पुढे त्याच विद्यापीठात तो अध्यापक झाला आणि मानसशास्त्रात डॉक्टरेटही मिळवली. ॲडलर यांनी अर्स्किन यांच्या पद्धतीला ॲरिस्टॉटल व सेंट टॉमस अक्वायनस यांच्या तत्त्वज्ञानाची जोड दिली. रोमन कॅथलिक विचारवंतांत अक्वायनसचा अभ्यास पोप तेरावे लिओ यांच्या १८७९ च्या आज्ञापत्रापासून पुन्हा जोमाने चालू झाला होता, आणि झाक मारितँ यांनी १९४३ साली त्या परंपरेतून स्वतंत्र शिक्षणविचारही मांडला. परंतु ॲडलर व त्यांचे सहकारी यांचा चिरंतनवाद धर्मपीठाच्या अधिकारावर नव्हे, तर विवेकाच्या अधिकारावर आधारलेला होता, किंवा निदान तसा त्यांचा आग्रह होता.

२

रॉबर्ट मेनार्ड हचिन्स (१८९९–१९७७) हे १९२९ साली शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते. त्यापूर्वी ते येलच्या कायदा विद्यालयाचे अधिष्ठाता होते. पुराव्याच्या कायद्याच्या तार्किक व मानसशास्त्रीय बाजूंविषयी विचार करीत असता त्यांचा ॲडलर यांच्याशी परिचय झाला होता. स्वतः आपण थोर ग्रंथांपैकी फारच थोडे वाचले आहेत, ही जाणीव त्यांना ॲडलर यांच्या सहवासात झाली, असे हचिन्स मोकळेपणाने सांगत.

नवीन अध्यक्षांनी १९३० साली ॲडलर यांना शिकागोत आणले आणि तेथेच पहिला संघर्ष उभा राहिला. शिकागो ही एका अर्थाने जॉन ड्यूई यांची भूमी होती. १८९६ साली ड्यूई यांनी आपली प्रयोगशाळा-शाळा याच विद्यापीठात काढली होती. १९०४ साली ते कोलंबियाला गेले तरी त्यांचे सहकारी तत्त्वज्ञान विभागात होते. विभागाची संमती न घेता केलेली ही नेमणूक त्यांना अपमानकारक वाटली. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्यासारख्या ज्येष्ठ विचारवंतांनी राजीनामा दिला आणि ॲडलर यांची सोय अखेर कायदा विद्यालयात करावी लागली. ज्यांच्याशी संवाद साधून तत्त्वज्ञान सिद्ध करावयाचे, त्यांच्याशीच असलेला संवाद प्रशासकीय अधिकाराच्या वापरामुळे आरंभीच तुटला.

याच सुमारास हचिन्स व ॲडलर यांनी पहिल्या वर्षाच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी थोर ग्रंथांचा वर्ग सुरू केला. अध्यक्षाने स्वतः नवागत विद्यार्थ्यांना शिकवावे, ही गोष्ट अपूर्व होती. दुसऱ्या बाजूस १९३१ साली विद्यापीठाची ‘नवी योजना’ अमलात आली. तिच्यात वर्गातील उपस्थितीची सक्ती काढून टाकण्यात आली आणि विद्यार्थ्याने तयारी झाली असे वाटेल तेव्हा सर्वंकष परीक्षेस बसावे, अशी मुभा देण्यात आली. जीवशास्त्रे, भौतिकशास्त्रे, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या असे चार उच्च विभाग आणि त्यांच्या आधी सामान्य शिक्षण देणारे ‘कॉलेज’ अशी रचना झाली. येथे ध्यानात ठेवले पाहिजे की, या योजनेची आखणी बरीचशी हचिन्स यांच्या आगमनापूर्वीपासून अध्यापकवर्गात चालू होती. तिचा पाया चिरंतन तत्त्वे हा नसून आधुनिक शास्त्रांचा विस्तृत परिचय हा होता.

ज्ञानाचा आरंभ कल्पनांपासून होतो की वस्तुस्थितीपासून, हा प्रश्न लवकरच विद्यापीठाच्या अंगणात आला. १९३४ साली ॲडलर आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक ॲन्टन कार्लसन यांच्यात विद्यार्थ्यांच्या तुडुंब गर्दीपुढे जाहीर वाद झाला. प्रयोगनिष्ठ शास्त्रज्ञांना ॲडलर यांच्या भाषेत मध्ययुगाची चाहूल लागत होती. ॲडलर यांना शास्त्रज्ञांच्या भाषेत तत्त्वांविषयीची बेफिकिरी दिसत होती. विद्यार्थ्यांच्या बौद्धिक जीवनाला या वादाने जी चेतना दिली ती मात्र उभय पक्षांना नाकारता आली नाही.

३

चिरंतनवादाची सर्वांत स्पष्ट मांडणी हचिन्स यांनी येल येथील व्याख्यानांतून केली. ती १९३६ साली ‘द हायर लर्निंग इन अमेरिका’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या दुःस्थितीची त्यांनी दिलेली कारणे अशी : पैशाचा लोभ, लोकशाहीविषयीची चुकीची समजूत, आणि प्रगती म्हणजे केवळ माहितीची वाढ हा भ्रम. या कारणांमुळे विद्यापीठ हे व्यवसायशिक्षणाचे दुकान झाले असून त्याचे निरनिराळे विभाग परस्परांशी बोलेनासे झाले आहेत, असे त्यांचे निदान होते. मध्ययुगीन विद्यापीठांना धर्मशास्त्राने एकसूत्रता दिली होती; ती आता शक्य नाही; म्हणून ते कार्य तत्त्वमीमांसेने करावे, असा त्यांचा उपाय होता. सुमारे सोळा ते वीस या वयात सर्वांना व्याकरण, वक्तृत्वशास्त्र, तर्कशास्त्र, गणित आणि पाश्चात्त्य जगाचे थोर ग्रंथ यांचे एकच सामान्य शिक्षण द्यावे, अशी त्यांची योजना होती.

ड्यूई यांनी ‘सोशल फ्रंटिअर’ या मासिकातून या ग्रंथाचे परीक्षण केले. त्यात निदानाबद्दल मतभेद जवळजवळ नव्हता. विद्यापीठे विस्कळित झाली आहेत आणि पैशाच्या मागे लागली आहेत, हे ड्यूई यांनाही मान्य होते. विरोध उपायाला होता. अढळ तत्त्वे आहेत असे मानले, तर ती कोणती हे कोणी ठरवावयाचे? विद्येच्या शाखांत श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावावयाची, तर ती लावण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांचे उत्तर ग्रंथात नाही, आणि ते नसल्यामुळे संपूर्ण योजनेचा कल कोणत्यातरी स्थिर अधिकारसत्तेकडे झुकतो, असे ड्यूई यांचे म्हणणे होते. युरोपात हुकूमशाह्या बळावत असताना हा आक्षेप केवळ पुस्तकी नव्हता. हचिन्स यांनी १९३७ च्या आरंभी उत्तर दिले; परंतु त्यात ड्यूई यांनी आपल्या विधानांचा विपर्यास केला, एवढ्यावरच मुख्य भर होता. आपण कोणत्याही विशिष्ट तत्त्वमीमांसेचा पुरस्कार करीत नाही, असे त्यांनी मूळ ग्रंथातच म्हटले होते. तर्कदृष्ट्या हाच त्यांच्या भूमिकेतील सर्वांत दुबळा दुवा होता. तत्त्वमीमांसेवाचून विद्यापीठाला एकता नाही, आणि कोणती तत्त्वमीमांसा हे सांगावयाचे नाही, ही दोन विधाने फार काळ एकत्र नांदणे कठीण होते. शिकागोतीलच अर्थशास्त्रज्ञ हॅरी गिडिऑन्स यांनी १९३७ साली स्वतंत्र पुस्तिका लिहून याच मर्मावर बोट ठेवले.

अढळ काय हे कोण ठरवणार, हा ड्यूई यांचा प्रश्न अमेरिकेपुरता मर्यादित नव्हता. १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ड्यूई यांची व्याख्याने ऐकली होती. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी लिहिलेले, परंतु तेथे होऊ न शकलेले त्यांचे भाषण ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने १९३६ च्याच मे महिन्यात मुंबईहून प्रसिद्ध झाले. त्यात ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून कृतज्ञ उल्लेख आहे. भूतकाळाचा सगळाच वारसा पुढील पिढीकडे सोपवणे हे समाजाचे कर्तव्य नव्हे, हा विचार तेथे ड्यूई यांच्या आधाराने मांडला आहे. काहीही स्थिर नाही, काहीही सनातन नाही, हे ओळखण्याची वेळ आली आहे की नाही, असा प्रश्नही तेथे हिंदू समाजापुढे ठेवला आहे. हचिन्स यांच्या ग्रंथाशी या निबंधाचा संबंध नाही. तो त्याच्या आधीच छापला गेला होता. परंतु एकाच वर्षी प्रकट झालेली ही दोन लेखने शेजारी ठेवली असता चिरंतनवादातील दोन प्रतिज्ञांमधला भेद लख्खपणे दिसू लागतो. भारतीय समाजव्यवस्थेत काही ग्रंथ नित्य व अपरिवर्तनीय मानले गेले आणि तेच ग्रंथ बहुसंख्य लोकांना वाचण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे पहिली प्रतिज्ञा तेथे पूर्णत्वास गेली होती आणि दुसरीचा मागमूसही नव्हता. हचिन्स यांच्या विचारात ग्रंथ थोर आहे याचा अर्थच असा होता की, तो सर्वांनी वाचावा आणि वाचून त्याच्याशी वाद घालावा. ड्यूई यांचा आक्षेप पहिल्या प्रतिज्ञेला लागू पडतो. दुसरीला तो स्पर्श करीत नाही.

४

चिरंतन सत्याच्या प्रतिज्ञेची कसोटी लवकरच, आणि तीही तिच्या पुरस्कर्त्यांच्याच हातून लागली. १९३६ साली हचिन्स यांनी ‘उदार विद्यांची समिती’ स्थापन करून व्हर्जिनिया विद्यापीठातून स्कॉट ब्यूकॅनन व स्ट्रिंगफेलो बार यांना शिकागोत बोलावले. ॲडलर आणि तत्त्वज्ञ रिचर्ड मॅककीअन हेही त्या चर्चेत होते. नव्या अभ्यासक्रमाचा पाया या मंडळींनी घालावा, अशी अपेक्षा होती. परंतु एखादा ग्रंथ वाचावयाचा कसा, याच प्रश्नावर त्यांचे तीव्र मतभेद झाले आणि समितीच्या एकत्र बैठका अल्पावधीतच थांबल्या. सत्य सर्वत्र एकच असते असे मानणाऱ्या चौघा व्युत्पन्न माणसांना ॲरिस्टॉटलच्या वाचनाची एक रीत ठरवता आली नाही. या घटनेची शैक्षणिक तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच नोंद होते. परंतु चिरंतनवादाच्या इतिहासात तिचे मोल ड्यूई यांच्या परीक्षणाहून कमी नाही.

समिती मोडली, पण तिच्यातून एक संस्था निघाली. मेरिलँड राज्यातील ॲनापोलिस येथील सेंट जॉन्स कॉलेज हे १७८४ ची सनद असलेले जुने महाविद्यालय १९३७ साली आर्थिक व शैक्षणिक अडचणीत सापडले होते. बार त्याचे अध्यक्ष आणि ब्यूकॅनन अधिष्ठाता झाले. त्यांनी ऐच्छिक विषय समूळ काढून टाकले. चार वर्षे सर्व विद्यार्थ्यांनी होमरपासून आधुनिक काळापर्यंतचे सुमारे शंभर ग्रंथ वाचावयाचे. युक्लिडपासून गणित आणि प्रयोगशाळेत विज्ञान शिकावयाचे. ग्रीकसह अनेक भाषांचा अभ्यास करावयाचा. आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी दोन शिक्षकांच्या उपस्थितीत चर्चेस बसावयाचे, असा हा क्रम होता. शिक्षकांना प्राध्यापक न म्हणता केवळ ‘ट्यूटर’ म्हणत, आणि प्रत्येकाने आपल्या विषयाबाहेरचेही शिकवावे अशी अपेक्षा असे. खरे शिक्षक ते ग्रंथकार, आणि ट्यूटर हा केवळ अधिक अनुभवी विद्यार्थी, अशी त्यामागील भूमिका होती.

सेंट जॉन्सने कोणताही तत्त्वमीमांसात्मक सिद्धांत विद्यार्थ्यांवर लादला नाही, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. ॲरिस्टॉटलनंतर ल्युक्रेशियस, अक्वायनसनंतर ह्यूम, असे परस्परांचे खंडन करणारे ग्रंथ एकापाठोपाठ वाचले जात. त्यांतील कोण बरोबर, याचा निकाल संस्था देत नसे. म्हणजे ड्यूई यांना ज्या अधिकारसत्तेचे भय वाटत होते, ती येथे अवतरली नाही. परंतु तिच्याबरोबरच, जिच्यावाचून विद्यापीठाला एकता नाही असे हचिन्स म्हणत होते ती तत्त्वमीमांसाही येथे अनावश्यक ठरली. एकता आली ती सर्वांनी एकच पुस्तक वाचण्यातून. त्याविषयी एकच मत असण्यातून नव्हे. हे महाविद्यालय पुढेही टिकले, १९६४ साली न्यू मेक्सिकोतील सान्ता फे येथे त्याने दुसरी शाखा काढली, आणि पहिल्या योजनेचा गाभा त्याने राखला.

५

खुद्द शिकागोत घडले ते निराळे. थोर ग्रंथांवर आधारलेला अभ्यासक्रम हचिन्स यांना कॉलेजसाठी कधीही मंजूर करून घेता आला नाही. १९४२ च्या आरंभी अध्यापक परिषदेने मात्र एक धाडसी निर्णय घेतला : सामान्य शिक्षणाचा चार वर्षांचा क्रम पूर्ण होताच कॉलेजने बी. ए. ही पदवी द्यावी, आणि माध्यमिक शाळेची दोन वर्षे झालेल्या विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळावा. याचा अर्थ विद्यार्थी वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीही पदवीधर होऊ शकत असे. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व निसर्गविज्ञाने यांचे अनेक वर्षांचे सलग अभ्यासक्रम आखले गेले, आणि त्यांचा समन्वय करणारा ‘ज्ञानाची संघटना, पद्धती व तत्त्वे’ यांचा अंतिम अभ्यासक्रमही जोडला गेला.

या अभ्यासक्रमांचे शिल्पकार ॲडलर नव्हते. ते कॉलेजच्या स्वतंत्र अध्यापकवर्गाने दर आठवड्याच्या बैठकांतून, वादविवादाने आणि वारंवार फेरबदल करीत तयार केले. पाठ्यपुस्तके बाजूस सारून मूळ लेखन वाचावयाचे, हे सूत्र त्यांनी चिरंतनवाद्यांकडून उचलले. परंतु मूळ लेखन म्हणजे केवळ प्राचीन लेखन, हे त्यांनी मानले नाही. सामाजिक शास्त्रांच्या वर्गात मार्क्स, फ्रॉइड, वेबर व दुर्खेम वाचले जात आणि डेव्हिड रीझमन, डॅनिएल बेल यांच्यासारखे तरुण समाजशास्त्रज्ञ ते शिकवीत. जीवशास्त्रज्ञ जोसेफ श्वाब व त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांपुढे शास्त्रज्ञांचे मूळ शोधनिबंध ठेवीत आणि एकाच प्रश्नावर निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळे निष्कर्ष कसे काढले हे तपासण्यास सांगत. विज्ञान म्हणजे सिद्ध सत्यांचा साठा नसून चौकशीची रीत आहे, हा जो धडा येथे मिळत होता, तो ड्यूई यांनाही मान्य झाला असता. चिरंतनवादाच्या नावाने प्रसिद्ध झालेले हे कॉलेज प्रत्यक्षात ड्यूई व हचिन्स यांच्या भूमिकांचा अनपेक्षित संगम होते.

या काळातील एक प्रसंग या विद्यापीठाच्या अंतर्विरोधावर प्रकाश टाकतो. महाविद्यालयीन शिक्षणातील खेळांचे अवास्तव स्तोम हचिन्स यांना खटकत असे. १९३९ च्या अखेरीस विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बंद केला आणि भव्य क्रीडांगण ओस पडले. त्याच क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखालील एका बंदिस्त खेळघरात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली पहिली नियंत्रित अणुशृंखला-प्रक्रिया घडवून आणली गेली. ज्या वर्षी या विद्यापीठाने विवेकाच्या मशागतीसाठी आपली पदवी नव्याने घडवली, त्याच वर्षी त्याच आवारात तत्त्वविचाराला मागे टाकणाऱ्या सामर्थ्याचा जन्म झाला. १९४५ नंतर हचिन्स जागतिक शासन आणि अणुयुगातील नैतिक जबाबदारी यांविषयी आग्रहाने बोलत राहिले, त्यामागे हा अनुभव होता.

हचिन्स यांनी १९५१ साली विद्यापीठ सोडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५३ साली, विद्यापीठाने कॉलेजची स्वतंत्र पदवी मोडीत काढून ती उच्च विभागांशी वाटून घेतली. या निर्णयामागे तत्त्वज्ञानाचा भाग थोडा आणि व्यवहाराचा फार होता. इतर विद्यापीठे ही लवकर मिळणारी पदवी आपल्या पदवीच्या बरोबरीची मानण्यास तयार नव्हती. माध्यमिक शाळांना आपले उत्तम विद्यार्थी दोन वर्षे आधी सोडणे रुचत नव्हते. विद्यार्थिसंख्या घटत होती. आणि शिकागोतील विभागांना तज्ज्ञशिक्षणासाठी आपला वेळ परत हवा होता. तत्त्वज्ञानाचा पराभव प्रतिपक्षाच्या युक्तिवादाने झाला नाही. पदवीच्या बाजारमूल्याने झाला. विद्यापीठावर बाजाराची सत्ता चालते, हे हचिन्स यांचे १९३६ चे निदान त्यांच्याच संस्थेच्या बाबतीत असे खरे ठरले. मूळ लेखनाचे वाचन आणि लहान वर्गातील चर्चा मात्र शिकागोत १९५३ नंतरही चालू राहिली. ती मोडण्याचा आग्रह कोणत्याच विभागाने धरला नाही.

६

विद्यापीठाच्या भिंतींबाहेर चिरंतनवादाने निराळे रूप घेतले. प्रौढांच्या वाचनमंडळांसाठी १९४७ साली ‘ग्रेट बुक्स फाउंडेशन’ स्थापन झाले. १९५२ साली एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने हचिन्स व ॲडलर यांच्या संपादकत्वाखाली ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ ही चौपन्न खंडांची माला प्रसिद्ध केली. तिच्यात ७४ लेखकांच्या ४४३ कृती होत्या, आणि १०२ कल्पनांची एक प्रचंड सूची तिला जोडली होती. टीपा व प्रस्तावना यांना फाटा देऊन दोन रकान्यांत बारीक टायपात छापलेले हे खंड पुढे घरोघर फिरणाऱ्या विक्रेत्यांनी हप्त्यांवर विकले. अनेक दिवाणखान्यांत ते न उघडता शोभेसाठी राहिले असतील. ड्वाइट मॅकडोनल्ड यांनी त्याच वर्षी ‘न्यू यॉर्कर’मध्ये या प्रकल्पाची केलेली थट्टा बोचरी होती, तरी ती अगदीच अनाठायी नव्हती.

त्याहून गंभीर प्रश्न निवडीचा होता. चौऱ्याहत्तर लेखकांत एकही स्त्री नव्हती. पूर्वेकडील एकही ग्रंथ नव्हता. मालेचे नावच ‘पाश्चात्त्य जगाचे’ असे होते, हे उत्तर पूर्वेपुरते देता येईल. परंतु मानवी स्वभाव सर्वत्र एक आणि सत्य सर्वत्र एक, ही प्रतिज्ञा करणाऱ्यांच्या तोंडी ते शोभत नाही. १९९० च्या दुसऱ्या आवृत्तीत माला साठ खंडांची झाली, तेव्हा जेन ऑस्टिन, जॉर्ज एलियट, विला कॅथर व व्हर्जिनिया वुल्फ यांचा समावेश झाला. ज्या लेखिका १९५२ साली चिरंतन नव्हत्या त्या १९९० साली झाल्या, याचा अर्थ एवढाच की, चिरंतन काय याचा निवाडा नेहमीच काळाच्या आत बसलेली माणसे करीत असतात. ड्यूई यांनी १९३६ साली विचारलेला प्रश्न चोपन्न वर्षांनंतर मालेच्या संपादकांनीच आपल्या कृतीने मान्य केला.

तथापि दुसरी प्रतिज्ञा या टीकेने बाधित होत नाही. १९५२ च्या मालेच्या प्रास्ताविक खंडात हचिन्स यांनी युक्तिवाद केला होता तो असा : उदार शिक्षण हे पूर्वी राज्यकर्त्यांचे व सवड असणाऱ्यांचे शिक्षण होते, लोकशाहीने प्रत्येक नागरिकाला राज्यकर्ता केले आणि यंत्रांनी त्याला सवड दिली, तेव्हा तेच शिक्षण आता प्रत्येकाला मिळाले पाहिजे. ॲरिस्टॉटलने दासांना व स्त्रियांना ज्या विद्येपासून दूर ठेवले, ती विद्या त्याच्याच अभिमानी वाचकाने सर्वांसाठी मागितली. ग्रंथांतून ज्यांना शिकता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न हचिन्स यांनी १९३६ साली पुरता सोडवला नव्हता. त्यांच्यासाठी पद्धती शोधावी लागेल, एवढेच त्यांनी म्हटले होते. ॲडलर यांनी १९८२ च्या ‘पायडेइया प्रपोजल’मध्ये हे सूत्र शाळेपर्यंत नेऊन, बुद्धिमापनानुसार मुलांची निरनिराळ्या अभ्यासक्रमांत विभागणी करण्याच्या पद्धतीला स्पष्ट विरोध केला.

या प्रतिज्ञेचा सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग कोणत्याही विद्यापीठाच्या सभागृहात झाला नाही. हचिन्स यांच्या कॉलेजात शिकलेले लेखक अर्ल शोरिस यांनी १९९५ साली न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात दरिद्री प्रौढांसाठी एक वर्ग उघडला. तुरुंगातून सुटलेले, बेघर, शिक्षण अर्धवट सुटलेले असे विद्यार्थी तेथे तत्त्वज्ञान, काव्य, कलेचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास व तर्कशास्त्र शिकले. गरिबांना केवळ एखादे हातकाम शिकवावे, या सार्वत्रिक समजुतीला हे उत्तर होते. ‘क्लेमेंटे कोर्स’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम पुढे इतरत्रही पसरला. त्याच्या वर्गात प्लेटो अढळ सत्याचा प्रवक्ता म्हणून वाचला जात नाही. ज्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येते असा एक माणूस म्हणून तो वाचला जातो.

चिरंतनवादाच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष पाठ्यपुस्तकातील व्याख्येहून निराळा आहे. अभ्यासक्रमाला तत्त्वमीमांसेचा अढळ पाया देण्याचा प्रयत्न शिकागोत अयशस्वी झाला. त्याचे पुरस्कर्तेच त्या पायाविषयी सहमत नव्हते, आणि निवडलेल्या ग्रंथांची यादी त्यांनाच बदलावी लागली. परंतु या अपयशाबरोबर, काही शिक्षण थोड्यांच्या योग्यतेचे आणि काही बाकीच्यांच्या, ही जुनी विभागणी न्याय्य ठरत नाही. कोणते ग्रंथ वाचावेत याविषयी प्रत्येक पिढी पुन्हा विवाद करील, आणि तसा तिने केलाच पाहिजे. त्या विवादात भाग घेण्याइतके शिक्षण कोणाला मिळावे, हा मात्र हचिन्स यांनी विचारलेला आणि १९५३ च्या ठरावाने न सुटलेला प्रश्न आहे. सर्वांना, हेच त्याचे उत्तर त्यांच्या योजनेतून शिल्लक राहते.